राउटर नवा आणण्याआधी

दांडिया बाजारामागे जुन्या तीन मजली घरात राहणाऱ्या एका काकूंनी विचारलं आहे. १०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन आहे. राउटर खाली बैठकीत, आणि तिथला टीव्ही सुरळीत चालतो. पण रात्री आठनंतर वरच्या मजल्यावर नातवाचा व्हिडिओ कॉल अडखळतो. दिवसातून एक-दोनदा सगळंच दोन-तीन मिनिटं बंद पडतं आणि आपोआप परत येतं. वर रेंज मिळावी म्हणून घरातलाच एक जुना राउटर वायरने जोडला, तर त्यावरून खालचा प्रिंटर सापडत नाही. लाइनवाला सांगून गेला, 'राउटर जुना झालाय, नवा घ्या.' काकूंचा प्रश्न एवढाच, की सेटिंग बदलून भागेल का?

काकू, नवा राउटर तूर्त आणू नका. बडोद्यात हीच कामं करत मला अठरा वर्षं झाली. आधी टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचं ब्रॉडबँड, मग अगाशीवरून उड्या मारत येणारी केबल, आता फायबर. 'नवा घ्या' हे वाक्य तेवढं तसंच राहिलं आहे. तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारी मला तीन वेगवेगळी दुखणी वाटतात. नवा राउटर आणलात तर त्यातलं एखादं जाईल, बाकीची नव्या डब्यात राहायला येतील.

सेटिंगला हात लावण्याआधी एक संध्याकाळ नुसती तपासणीला द्या. रात्री साडेआठला नातवाला लॅपटॉप घेऊन त्याच्या खोलीत बसवा, पण लॅपटॉप खालच्या मुख्य राउटरच्या वाय-फायला जोडलेला हवा. वरचा जुना राउटर तेवढ्यापुरता बंद करा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या खिडक्या उघडायच्या. एकीत पिंग, मोकळी जागा, १९२.१६८.१.१, मोकळी जागा, उणे चिन्ह आणि टी. दुसरीत तसंच, फक्त पत्ता ८.८.८.८. (अक्षरं आणि आकडे अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे. काही राउटरांचा पत्ता १९२.१६८.०.१ असतो, डब्याच्या पोटावरच्या चिकटपट्टीवर तो छापलेला असतो.) पिंग म्हणजे हाक मारायची आणि किती वेळाने 'ओ' येते ते मोजायचं. पहिली हाक घरातल्याच राउटरला, दुसरी थेट बाहेरच्या जगाला.

आता दोन्ही खिडक्या शेजारी ठेवून कॉल सुरू करा आणि बघत बसा. घरातल्या राउटरची ओ एरवी दोन ते पाच मिलिसेकंदांत येते. तीच जर दोनशे, चारशे, मध्येच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' अशी दिसू लागली तर लाइनचा काही संबंध नाही. दुखणं राउटर आणि लॅपटॉप यांच्यामधल्या हवेत आहे, आणि कस्टमर केअरला फोन करून तुमचा फक्त वेळ जाईल. पहिली खिडकी शांत आणि दुसरीच फडफडत असेल, आणि घरात कुणी अपलोडही करत नसेल (त्याबद्दल पुढे), तर मात्र लाइनवाल्याला धरायचं. लॅपटॉप वायरने राउटरला जोडून तीच तपासणी पुन्हा केलीत की शंकेला जागा उरत नाही. माझा अंदाज सांगतो: तुमच्याकडे पहिलीच खिडकी अडखळेल.

आधी ते दोन-तीन मिनिटांचं बंद पडणं निकालात काढू, कारण त्याला सेटिंग लागतच नाही. कारेलीबागेत एका घरी रोज संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास नेट जायचं. लाइन दोनदा बदलून झाली होती. मी गेलो आणि काहीच न करता राउटरसमोर चहा घेत बसलो. सव्वासातला आजोबा उठले, जिन्याखालचं बटण दाबलं. पाण्याची मोटर घुरघुरली, ट्यूबलाइट क्षणभर मंदावली, आणि राउटरचे सगळे दिवे एकदम विझून एकेक करत पुन्हा लागले. अॅडॅप्टर हातात घेतला तर लिहिलेलं, १२ व्होल्ट, १ अँपिअर. राउटरला हवे होते दीड. मूळचा जळल्यावर कुणीतरी जुन्या सेट-टॉप बॉक्सचा लावून दिला होता. एरवी तो कसाबसा रेटत होता, मोटर सुरू होताना व्होल्टेज दबलं की राउटर झोपायचा. फायबरचा डबा आणि राउटर पुन्हा उठून लाइनला लागेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातातच, म्हणून तुमचं वर्णन वाचताना मला हेच घर आठवलं.

तेव्हा पुढच्या वेळी नेट गेलं की मोबाईलकडे बघत बसू नका, पळत जाऊन राउटरचे दिवे बघा. सगळे विझून लागत असतील तर अॅडॅप्टर तपासा. व्होल्ट राउटरवर लिहिलेत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. मोटर किंवा फ्रिज ज्या बोर्डावर आहे त्यावर राउटर नको. त्याच व्होल्टचा मिनी यूपीएस बसवलात तर वीज गेली तरी कॉल चालू राहतो. राउटर टीव्हीच्या बंद कपाटात असेल तर तेही एक कारण. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४२-४३ अंश असतात, कपाटातल्या डब्याचं काय होत असेल बघा.

सगळे दिवे चालू आहेत पण एलओएस नावाचा दिवा लाल झालाय, असं दिसलं तर प्रकाशच पोचत नाही. घराबाहेर काही तुटलंय किंवा घरात फायबरला पीळ पडलाय. उत्तरायणानंतरच्या आठवड्यात मला असे फोन रांगेने येतात. १४ आणि १५ जानेवारीला पतंगाची डोरी लोंबत्या फायबरमध्ये अडकते, अगाशीवरून पोरं ती ओढतात, आणि केसाएवढी बारीक काच आत तडकते. घरात बघायचं ते एवढंच: फायबर खिळ्याला सुतळीसारखी गुंडाळलेली नको. वळण कपाच्या तोंडाएवढं तरी मोकळं हवं, त्याहून घट्ट वळलं की प्रकाश बाहेर गळतो. तिचं हिरवं टोक काढून डोळ्यासमोर धरायचं नाही, आतला लेझर डोळ्याला दिसत नाही पण इजा करू शकतो. राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं ते) 'आरएक्स पॉवर', म्हणजे पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, असा आकडा असेल तर तो टिपून ठेवा. उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान असला तर ठीक, उणे २७ च्या आसपास म्हणजे लाइन कडेलोटावर आहे. तक्रार करताना 'नेट स्लो आहे' म्हणण्यापेक्षा हा आकडा सांगा, समोरच्याचा सूर बदलतो.

आता मुख्य दुखणं, रात्री आठनंतरचा अडखळणारा कॉल.

तुमच्या राउटरवर वाय-फायचे दोन पट्टे असतील, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिला लांब जातो, भिंत ओलांडतो, पण अरुंद आहे आणि त्यात सगळं गाव भरलेलं असतं. दुसरा वेगवान आणि मोकळा, पण जाड भिंतीपुढे हात टेकतो. दांडिया बाजार, रावपुरा, मांडवीकडच्या जुन्या घरांच्या भिंती तुम्हाला मी सांगायला नकोत. खालच्या बैठकीतला ५ गिगाहर्ट्झ वरच्या मागच्या खोलीत पोचता पोचता अर्धमेला होतो, लॅपटॉप मुकाट्याने २.४ वर उतरतो, आणि तिथे भिंतीला भिंत लागून असलेल्या दहा-पंधरा घरांचे राउटर आधीच बोलत असतात. दुपारी ती घरं शांत असतात. आठ वाजता सगळ्यांचे टीव्ही लागतात. म्हणून तुमचं दुखणं घड्याळ बघून येतं.

२.४ मध्ये भारतात १ ते १३ चॅनल मिळतात, पण ते तेरा रस्ते नव्हेत. चॅनल ५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर आणि सिग्नल मात्र २० मेगाहर्ट्झ रुंद, त्यामुळे एकमेकांच्या अंगावर न येणारे तीनच उरतात: १, ६ आणि ११. फोनवर वाय-फाय अॅनालायझर प्रकारचं एखादं अॅप घ्या, नातवाच्या खोलीत उभं राहून बघा. शेजाऱ्यांच्या कमानी दिसतील. या तिघांतला ज्यावर सगळ्यात कमी आणि बुटक्या कमानी आहेत तो चॅनल राउटरमध्ये 'ऑटो'च्या जागी टाका. इथे हुशार पोरं एक चूक करतात. १ आणि ६ वर गर्दी आहे म्हणून मधला ३ निवडतात. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचं बोलणं ऐकून आपापली पाळी धरतात, नळावर हंडे लावावेत तसे. ३ वर बसलेला राउटर मात्र दोन्ही रांगांत कोपर खुपसतो, त्याला त्यांचं बोलणं नुसता गोंगाट म्हणून ऐकू येतं आणि त्यांना त्याचं. गर्दीतली रांग परवडली.

त्याच पानावर 'चॅनल विड्थ' दिसेल. २.४ साठी ती २० करा, ४० असेल तर काढाच. ४० म्हणजे तीनपैकी दोन रस्ते एकट्याने अडवणं, आणि भरवस्तीत त्याचा त्रास तुम्हालाच होतो. ५ गिगाहर्ट्झवर ८० ठेवायला हरकत नाही, लांबच्या खोलीत तुटत असेल तर ४० करून बघा. तिथला चॅनल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतला घ्या. मधले ५२ ते १४४ हे रडारसोबत वाटून घेतलेले आहेत, रडारची चाहूल लागली की राउटर ते सोडून पळतो आणि कॉल जातो. काही जुन्या टीव्हींना आणि फोनना ते दिसतही नाहीत.

दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर काही दिवस वेगळी नावं द्या, म्हणजे लॅपटॉप नक्की कुठे बसलाय ते कळेल. सीसीटीव्ही, स्मार्ट प्लग, प्रिंटर यांना बहुतेक वेळा २.४ च लागतं, त्यांना तिथेच राहू द्या.

जागेबद्दल दोन शब्द, कारण याने कुठल्याही सेटिंगपेक्षा जास्त फरक पडतो. जुन्या घरांचा एक फायदा आहे: भिंती जाड, पण मजल्यांची जमीन बऱ्याच ठिकाणी लाकडी, सागवानी तुळयांवरची. लाकडातून सिग्नल विटांपेक्षा सहज वर जातो. म्हणून राउटर बैठकीच्या दर्शनी कोपऱ्यातून उचलून नातवाच्या खोलीच्या बरोबर खाली येईल असा ठेवा, शक्यतो उंचावर. लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी यांच्या आड नको. अँटेनातून सिग्नल मेदूवड्याच्या आकारात पसरतो, आणि अँटेना त्या वड्याच्या भोकात उभा असतो. म्हणजे सगळे अँटेना सरळ उभे केले तर सिग्नल त्याच मजल्यावर पसरतो आणि डोक्यावरच्या खोलीला भोक मिळतं! एक उभा ठेवा, एक आडवा करा. हसू नका, करून बघा.

फरक कळायला मोजमाप हवं. त्याच अॅपमध्ये सिग्नलचा आकडा दिसतो, तोही उण्यात. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट होतो, उणे ७५ च्या खाली गेलात की सगळा नशिबाचा खेळ. एका वेळी एकच गोष्ट बदला, आकडा लिहा, मग दुसरी. आणि प्रत्येक पान बदलण्याआधी त्याचा फोनने फोटो काढून ठेवा.

वाय-फाय सुधारूनही कॉल तुटला, आणि पहिली खिडकी शांत असून दुसरीत पंधराचे एकदम तीनशे होताना दिसले, तर घरातच कुणीतरी अपलोड करतंय. संध्याकाळी सगळे घरी आले, फोन वाय-फायला लागले की दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ वर चढायला लागतात. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग क्लाउडवर जात असेल तर तेही. बाहेर जाणारी वाट भरली की कॉलची पाकिटं मागे अडकतात. डाउनलोडचा वेग तेव्हाही छान दिसतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. राउटरमध्ये 'क्यूओएस' किंवा 'बँडविड्थ कंट्रोल' असेल तर एकूण अपलोडवर प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ८५-९० टक्के मर्यादा घाला. नसेल तर फोटोंचा बॅकअप रात्री बारानंतर ठेवायला घरच्यांना सांगा. हे दुसरं जास्त कठीण आहे, मला माहीत आहे.

प्रिंटरचं कोडं मात्र शंभर टक्के सेटिंगचं, आणि ते मी स्वतः एकदा करून ठेवलेलं आहे. नवीन होतो, गोत्री रोडवरच्या एका घरी दुसरा राउटर जोडला आणि ऐटीत घरी आलो. चार दिवस त्यांचे निम्मे फोन चालत होते आणि निम्मे नाहीत. घरात पत्ते वाटणारा एकच हवा, मी दोन बसवले होते.

तुमच्याकडे खालच्या राउटरमधून आलेली वायर वरच्या राउटरच्या 'वॅन' लिहिलेल्या, बहुधा वेगळ्या रंगाच्या भोकात घातली असणार. मग वरचा राउटर स्वतःचं वेगळं घर थाटतो. त्याच्याकडचा लॅपटॉप इंटरनेटवर जातो, पण प्रिंटर शोधताना तो फक्त आपल्याच घरात शोधतो, खालच्या घरात डोकावत नाही. उपाय असा. वरच्या राउटरची वायर काढा, लॅपटॉप थेट त्याला जोडा, त्याच्या पानावर जा. 'ॲक्सेस पॉइंट मोड' असा पर्याय असेल तर तो निवडा, काम झालं. नसेल तर त्याचा लॅनचा, म्हणजे घरातल्या नेटवर्कवरचा, पत्ता १९२.१६८.१.२ करा (खालचा १९२.१६८.०.१ असेल तर १९२.१६८.०.२), आणि मग डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे पत्ते वाटणारा, बंद करा. हा क्रम महत्त्वाचा आहे, पत्ता आधी. त्यानंतर खालून आलेली वायर वॅनऐवजी साध्या लॅनच्या भोकात घाला. आता पत्ते फक्त खालचा वाटेल, वरचा नुसतं वाय-फाय पसरवेल. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तोच ठेवा, चॅनल मात्र वेगळे, खाली १ तर वर ११. एवढ्यावरही प्रिंटर रुसलेला असला तर 'एपी आयसोलेशन' (जोडलेल्या उपकरणांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारी सेटिंग) चालू आहे का आणि प्रिंटर पाहुण्यांच्या नेटवर्कला तर जोडला नाही ना, ते बघा. जुन्या प्रिंटरला डब्ल्यूपीए ३ समजत नाही, सुरक्षा डब्ल्यूपीए २ वर आणावी लागते. तिथेच आहात तर डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डाऐवजी बटण किंवा पिनने जोडण्याची सोय, बंद करा आणि अॅडमिनचा छापील पासवर्ड बदलून टाका.

डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदला, वेग वाढेल, असं तुम्हाला कुणी ना कुणी सांगेलच. वेग वाढत नाही. व्हॉट्सअॅप चालतंय पण वेबसाइट उघडत नाहीत, असं लक्षण असेल तेव्हा ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाकून बघावं. तसंच एमटीयूचं, म्हणजे माहितीच्या एका पाकिटाच्या कमाल आकाराचं. कनेक्शन पीपीपीओईचं असेल, म्हणजे राउटरमध्ये कंपनीने दिलेलं युजरनेम-पासवर्ड भरलेलं असेल, तर हा आकडा १४९२ हवा. कुणी तो १५०० करून ठेवला असेल तर काही साइट अर्ध्या उघडून थांबतात. तुमच्या तक्रारीत यातलं काही दिसत नाही, तेव्हा दोन्ही सोडून द्या.

आणि मागच्या बाजूचं ते टाचणीएवढं भोक, रीसेटचं, त्यात नातवाला काही खुपसू देऊ नका. बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं वेगळं आणि रीसेट वेगळं. रीसेटने ते युजरनेम-पासवर्डही पुसलं जातं, मग लाइनवाला येईपर्यंत घर कोरडं. ते आधी कागदावर उतरवून ठेवा.

वेग मोजाल तेव्हा वायरने ९४-९५ दिसला तर कुरकुर करू नका. राउटरचं लॅन १०० चं असेल तर त्यातून पूर्ण भरून एवढंच येतं. फाइल उतरताना १२ मेगाबाइटच्या आत-बाहेर दिसेल, तेही बरोबर आहे, आठ बिटांचा एक बाइट.

नवा राउटर कधी? तुमचा डबा फक्त २.४ चाच निघाला, किंवा नवा योग्य अॅडॅप्टर लावूनही आपोआप बंद-चालू होत राहिला, तर घ्या. बिनवायरचा रिपीटर मात्र नको. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. तुमच्याकडे वर वायर पोचलेलीच आहे, ती सोन्यासारखी आहे. फक्त ती कॅट-५ई किंवा कॅट-६ दर्जाची आहे ना आणि जिन्याच्या दारात रोज चिरडली जात नाही ना, ते बघा.

साडेआठच्या दोन्ही खिडक्यांचे आकडे आणि अॅडॅप्टरवरचे अँपिअर मला कळवा. मोटर किती वाजता लागते तेही लिहा.